मोडायचा की राखायचा हे ठरेपर्यंत जुना दवाखाना कोरडा ठेवा : विदर्भातील जिल्हा परिषदा, आरोग्य आणि बांधकाम विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, विदर्भातील सर्व जिल्हा परिषदा,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी,
मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद बांधकाम विभाग,
आणि ज्यांच्या गावात असा दवाखाना अजून उभा आहे ते सरपंच व ग्रामसभा.

विषय : वापरात नसलेल्या जुन्या दवाखाना-इमारतींची निर्णय होईपर्यंतची देखभाल.

सप्रेम नमस्कार.

गावाबाहेर रस्त्यालगत ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय उभे राहते. फीत कापली जाते, खाटा आणि कपाटे ट्रॅक्टरमधून नव्या इमारतीत जातात आणि बसस्थानकामागच्या जुन्या दवाखान्याला कुलूप लागते. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहील, हे कुठल्याच आदेशात लिहिलेले नसते. पुढच्या मृगात वानरांनी सरकवलेल्या चार कौलांतून पाणी आत येते. चार-पाच पावसाळे गेले की त्याच इमारतीवर ‘शिकस्त इमारत, प्रवेश निषिद्ध’ असा फलक लागतो आणि मागोमाग निर्लेखनाचा (इमारत सरकारी नोंदीतून काढून पाडण्याचा) प्रस्ताव निघतो.

प्रत्येक जुनी इमारत वाचलीच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. काही खरोखरच हाताबाहेर गेल्या आहेत. पण बहुतेक ठिकाणी इमारत ठेवायची की पाडायची हा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो, पाऊसच तो घेऊन टाकतो. निर्णय लांबला तर लांबू द्या. तोवर इमारत कोरडी, बंद आणि कोणाच्या तरी नावावर राहील एवढी तजवीज करा, ही आमची मागणी आहे. त्याला लागणारा पैसा नव्या बांधकामापुढे किरकोळ आहे. कामे साधी आहेत, पण ती ठरलेल्या महिन्यात आणि ठरलेल्या पद्धतीनेच व्हायला हवीत. ती कशी, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

आधी या इमारती काय आहेत ते. अमरावतीत लोक अजून ‘डफरीन’ आणि ‘इर्विन’ म्हणूनच पत्ता सांगतात, अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात. ही मोठी, चालती रुग्णालये. आम्ही बोलतो आहोत ते तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतल्या त्यांच्या धाकट्या भावंडांबद्दल: डिस्ट्रिक्ट कौन्सिलने (इंग्रजी अमदानीतल्या जिल्ह्याच्या स्थानिक संस्थेने) बांधलेले दवाखाने, मिशनचे दवाखाने, बाळंतपणाच्या खोल्या, महारोग्यांसाठी आणि पटकीच्या साथीसाठी गावाबाहेर काढलेले वॉर्ड. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरीन फंड १८८५ मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत यातल्या कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. बांधणी साधारण एकाच धाटणीची. दीड ते दोन फूट जाडीच्या चुन्यातल्या भिंती, उंच जोते, दोन्ही बाजूंना व्हरांडा, समोरासमोर खिडक्या, त्यांच्या वर झरोके आणि सागवानी कैच्यांवर (छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी लाकडी चौकटींवर) मंगलोरी कौले. कौल उलटे करून पाहा, बहुतेक वेळा कारखान्याचा छाप दिसतो. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये असा कारखाना काढला आणि तिथून ही कौले रेल्वेने देशभर गेली. कैचीतला सागवान मात्र आपला, अल्लापल्ली-बल्लारशाकडचा. त्या आकाराचा आणि त्या वयाचा सागवान आज डेपोत मागून मिळत नाही. निर्लेखनानंतरच्या लिलावात बोली कशावर लागते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

समोरासमोरच्या खिडक्या शोभेसाठी ठेवलेल्या नव्हत्या. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी ज्या लांबट, आरपार हवेच्या वॉर्डांचा आग्रह धरला, त्याच घराण्यातली ही बांधणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर आणि हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीत १६० लिटर ताजी हवा असावी असे म्हटले आहे. हिशेबाचे ढोबळ सूत्रही तिथेच आहे: ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग, गुणिले लहान बाजूच्या उघड्या खिडक्यांचे क्षेत्रफळ, गुणिले १०००. जुन्या वॉर्डात एका बाजूला १ मीटर बाय दीड मीटरच्या ६ खिडक्या धरल्या तर ९ चौरस मीटर होतात. वारा सेकंदाला फक्त अर्धा मीटर धरला तरी २,९२५ लिटर हवा येते, म्हणजे १२ खाटांना प्रत्येकी जवळपास २४४ लिटर. वीज न लावता. क्षयरोगाचे बाह्यरुग्ण बसवायला याहून चांगली जागा नव्या इमारतीत शोधून दाखवा.

आता मुख्य विषय, छप्पर. या इमारतींचे नव्वद टक्के मरण छपरातून येते असे आम्ही म्हणतो. आकडा मोजलेला नाही, पण माळ्यावर चढून पाहणाऱ्या कोणालाही तो पटेल.

मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागते. २४ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद वॉर्ड आणि दोन्ही बाजूंना २.४ मीटरचा व्हरांडा धरला, तर वळचणीसकट आणि उतार धरून छप्पर सुमारे ३८० चौरस मीटरचे होते. म्हणजे ५,७०० कौले. त्यातली दहा टक्के फुटली म्हणून कोणी सगळे छप्पर उतरवून पत्रे ठोकत असेल, तर तो ५,१०० धडधाकट कौले फेकतो आहे. आणि पत्र्याखाली मे महिन्यात तो वॉर्ड भट्टी होतो, हे वेगळेच. बदलायला लागणारी ५०० ते ६०० कौले आपल्याच तालुक्यातल्या पाडलेल्या शाळा आणि गोदामांमधून मिळतात. फक्त माप आणि खाच जुळवून घ्या. वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एकाच ओळीत एकमेकांत बसत नाहीत, आणि बळे बसवली की तिथूनच गळते. बाहेरून आणलेली कौले एका पाख्यावर (छपराच्या एका उतरत्या बाजूवर) एकत्र लावा आणि मूळची दुसऱ्या पाख्यावर एकवटा.

कौले का सरकतात? विदर्भात पहिले कारण वानर. टोळी छपरावरून गेली की आढ्याची आणि कडेची कौले हलतात. उपाय म्हणून कौलांच्या सांध्यांत सिमेंट भरणारे पुष्कळ आहेत. तसे करू नका. कौल उन्हात तापते-फुगते, सिमेंट त्याला धरून ठेवते आणि कौल मधोमध तडकते. शिवाय पुढच्या वेळी एक कौल काढायला चार फोडावी लागतात. कौलाच्या पोटाला भोक असलेला एक छोटा कान असतो, तो तारेने रिपेला (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला) बांधण्यासाठीच ठेवलेला आहे. वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या दोन-दोन ओळी आणि मध्ये दर तिसरी ओळ गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधा. छपरापासून तीन मीटरच्या आतल्या फांद्या छाटा, म्हणजे वानरांची उडी चुकते आणि पन्हळीत पालाही साचत नाही.

छपरावर चढणाऱ्याने कौलावर पाय द्यायचा नाही. रिपांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच फिरायचे. कौले उतरवायची वेळ आली तर दोन्ही पाख्यांवरून बरोबरीने उतरवा. एका बाजूची सगळी आधी काढली की कैचीवरचा भार एकांगी होतो आणि जुना, सांध्यात सैल झालेला कैचीचा जोड तिथेच कचकतो.

कैची कुजते ती मधे नाही, पायाशी. भिंतीवर जिथे तिचा पाय टेकतो, तिथे पन्हळीचे पाणी झिरपत राहते, हवा लागत नाही आणि उधई खालून तिथेच पोचते. बाहेरून तेलपाणी केलेले लाकूड साबूत दिसते. पेचकस घ्या आणि पायाशी टोचा. चांगला सागवान दोन-तीन मिलिमीटरहून जास्त आत घेत नाही. पेचकस मुठीपर्यंत गेला तर तो पाय संपला. त्यासाठी सगळी कैची बदलायची नसते. बल्ल्यांच्या टेकूवर कैची उचलून धरायची, कुजलेला भाग निकोप लाकूड लागेपर्यंत, आणि त्याच्याही पुढे वीतभर, कापायचा. मग तिरका सांधा देऊन सागाचाच तुकडा जोडायचा आणि दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारायचे. पाय परत भिंतीत गाडू नका. खाली दगडी उशी ठेवा आणि तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडा, म्हणजे लाकूड श्वास घेते. हे काम आपल्या गावातले बैलबंडी आणि दारे करणारे सुतार उत्तम करतात. त्यांना कोणी विचारत नाही एवढेच.

दोन छपरे मिळतात तिथली पन्हळ वर्षातून दोनदा हाताने साफ झाली पाहिजे, एकदा अक्षय तृतीयेच्या सुमारास आणि एकदा पोळ्याच्या आधी. पिंपळाचे एक रोप पन्हळीत रुजले की तीन वर्षांत मूळ भिंतीच्या गाभ्यात उतरते. ते ओढून काढू नका, सोबत दगड येतात. खोड करवतीने कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा (ते परवानाधारक माणसाकडूनच), आणि मूळ पूर्ण वाळेपर्यंत थांबा. नंतर सैल झालेले थर उतरवून चुन्यात पुन्हा रचा. कापून नुसते सोडले तर पुढच्या पावसाळ्यात एकाच्या जागी पाच धुमारे येतात.

छपरावर निळे ताडपत्रीचे प्लास्टिक ओढून बांधणे हा उपाय नाही, वेळ मारून नेणे आहे. आमच्या उन्हात ते एका हंगामात विरते आणि खाली घाम धरून लाकूड आणखी कुजवते. तात्पुरता आडोसा करायचाच असेल तर पत्रा टाका आणि आढ्याशी हवा जायला जागा ठेवा.

काही दवाखान्यांत व्हरांड्यावर किंवा शस्त्रक्रिया खोलीवर लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी असतात. तिथे गच्ची गळते म्हणून दर दहा वर्षांनी नवा थर चढवला जातो. जुना थर काढत मात्र कोणी नाही. दहा सेंटीमीटरचा एक थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन. तीन थर झाले की ६०० किलो, आणि खाली गर्डर गंजून फुगतो आहे. आधी वजन उतरवा.

भिंतींकडे येऊ. काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे, तरी अहवालात तो दिसत नाही. मे महिन्यात जमीन भेगाळते आणि भिंतीतली तडही रुंदावते. ऑगस्टमध्ये माती फुगते आणि तड मिटते. मे महिन्यात पाहणी केली की इमारत धोकादायक ठरते आणि त्याच उन्हाळ्यात सिमेंटने बुजवलेली तड पावसाळ्यात शेजारी नवी जागा शोधते. म्हणून तड पाहायची तर वर्षभर पाहा. तडेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, तिच्यावर तारीख लिहा. काच फुटली नाही तर तड जुनी आहे. फुटली तर दर महिन्याला रुंदी मोजून लिहा. ऋतूबरोबर उघडमिट होणाऱ्या तडेचे औषध भिंतीत नाही, जोत्याच्या बाहेर आहे. छपराचे पाणी जोत्यापाशी मुरू देऊ नका. सभोवार एक मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला चाळीस सेंटीमीटरला एक सेंटीमीटर उतरणारा फरशीचा पट्टा करा आणि पुढे नाली काढून पाणी आवाराबाहेर न्या. आमच्या मते छपरानंतर सगळ्यात जास्त मोल याच कामाला आहे आणि सगळ्यात कमी पैसा याच कामावर खर्च होतो.

आता सिमेंट. या एका चुकीने जितक्या भिंती खाल्ल्या, तितक्या पावसाने खाल्ल्या नसतील.

चुन्यातली भिंत जमिनीचा ओलावा ओढते आणि सांध्यांतून, गिलाव्यातून तो बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की बाहेरची वाट बंद होते. पाणी आत चढत राहते, सोबत क्षार चढतात आणि सिमेंटच्या मागे वाळून स्फटिक होतात. विटेचा चेहरा पीठ होतो. चार-पाच वर्षांनी गिलावा हाताएवढ्या खपल्यांनी निखळतो आणि मागे बोटाने उकरता येईल अशी भिंत उरते. मग अभियंता म्हणतो, विटाच निकृष्ट होत्या. त्या विटा शंभर वर्षे टिकल्या होत्या. दवाखान्यात हे सगळ्यात आधी मलमपट्टीच्या खोलीत आणि न्हाणीच्या भिंतीला दिसते, कारण तिथे पाणीही जास्त आणि नंतर लावलेल्या सिमेंटच्या चकचकीत पट्ट्याही जास्त.

सांधे भरायचे तर जुना मसाला हाताने, छिन्नी-हातोडीने, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट आणि किमान २५ मिलिमीटर खोल काढा. ग्राइंडर लावू नका, तो विटेची कड खातो. ब्रशने धूळ काढा, पाणी मारा, भिंतीवर पाणी तरळत नाही पण ती ओली आहे अशा बेताला मसाला दाबून भरा. शंभर चौरस मीटर विटकामाच्या दर्जाभरणीला (सांधे भरण्याला) जेमतेम अर्धा घनमीटर मसाला लागतो. एवढ्या थोड्या कामासाठी चांगला चुना आणणे परवडत नाही, ही सबब चालणार नाही. मसाला एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग रेती. सुरखी मध्यम भाजलेल्या विटेची, जळक्या खंगराची नको. रेती कन्हानची असो की वर्धेची, आधी काचेच्या बरणीत पाण्यात हलवून ठेवा. वर गाळाचा थर जाड बसला तर धुऊन घ्या, नाहीतर मसाला आकसून चिरतो.

चुना कळीचा (न विझवलेला) आणून आपण विझवलेला बरा. टाक्यात आधी पाणी, मग हळूहळू खडे. उलट केले तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, आणि पोराबाळांना आवाराबाहेर ठेवा. विझलेला चुना चाळून, वर वीतभर पाणी राखून किमान महिनाभर मुरवा, तीन महिने मिळाले तर फारच छान. पिशवीतला चुना घ्यायचाच असेल तर तारीख पाहा. जुन्या पिशवीतला चुना हवेनेच मेलेला असतो, तो पांढरा दिसतो पण धरत नाही. वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे, तिच्यावर सिमेंटचे मोठमोठे कारखाने चालतात. त्याच पट्ट्यात दुरुस्तीसाठी दोन क्विंटल चुना मिळत नाही म्हणून सिमेंट वापरले, असे अंदाजपत्रकात वाचायला मिळते तेव्हा वाईट वाटते.

आणि चुन्याला हंगाम असतो. दिवाळी ते होळी. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भरलेला सांधा घट्ट होण्याआधी वाळतो आणि बोटाखाली भुकटी होतो. गिलावा केला की आठ-दहा दिवस ओली गोणपाटे लावून ठेवावी लागतात. आपले अनुदान मात्र फेब्रुवारीत येते आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचे असते. म्हणून कोपरापासून हात जोडून विनंती आहे की प्रशासकीय मान्यता दसऱ्यापर्यंत द्या. दरसूचीत चुन्याच्या बाबी सापडत नसतील तर अनुसूचीबाह्य (दरसूचीबाहेरची) बाब म्हणून दर पृथक्करण करून, म्हणजे साहित्य-मजुरीवरून दर काढून, मंजूर करून घ्या. कनिष्ठ अभियंत्याला तो अधिकार नसतो, कार्यकारी अभियंत्याने पुढाकार घेतला की काम होते. रंगाच्या जागी चुन्याचा हात पुरे: एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी, गाळून, थोडा डिंक घालून, पातळ तीन हात. प्लास्टिक पेंट म्हणजे पुन्हा तेच तोंड बंद करणे.

स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. रिबाउंड हॅमर हे काँक्रीटसाठीचे साधन आहे. चुन्यातल्या विटांच्या भिंतीवर ते आपटून आलेल्या आकड्याला अर्थ नाही. तरीही अशा आकड्यांच्या जोरावर निर्लेखन झालेली प्रकरणे आमच्या पाहण्यात आहेत. ‘आयुर्मान संपले’ हा शेराही आरसीसीच्या (सळईच्या काँक्रीटच्या) हिशेबातून आलेला. चुन्याची भिंत कोरडी राहिली तर तिचे वय कोणी ठरवून दिलेले नाही. ऑडिट करून घ्याच, पण त्यात भिंत ओळंब्यात आहे की नाही, कोपरे सुटले आहेत का, कैचीचे पाय कसे आहेत, तडा वर्षभरात किती हलल्या आणि ओल किती उंचीपर्यंत चढली हे लिहून मागा. हे पाच मुद्दे नसलेला अहवाल परत पाठवा.

इमारत कोणाची, हा प्रश्न कागदावर सोडवल्याशिवाय पैसा टाकता येत नाही. इथे विदर्भाची स्वतःची गुंतागुंत आहे. डिस्ट्रिक्ट कौन्सिलची मालमत्ता १९४८ च्या जनपद योजनेत जनपद सभेकडे आली आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे. वऱ्हाडात वाट थोडी निराळी, पण शेवट तोच. पुढे दवाखान्याचे ग्रामीण रुग्णालय झाले, तेव्हा वापर राज्याच्या आरोग्य विभागाकडे गेला, दुरुस्ती सार्वजनिक बांधकामकडे, आणि जमीन कधी नझूलमध्ये (गावठाण-शहरातल्या सरकारी जमिनीत), कधी अजूनही जुन्याच नावावर. आखीव पत्रिका, सातबारा आणि जुने अधिकार अभिलेख एकत्र काढा, भूमी अभिलेखकडून मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा) घ्या. अतिक्रमण बहुधा मागच्या बाजूने, जुन्या शवागाराच्या किंवा धोबीघाटाच्या भिंतीला लागून सुरू झालेले असते. मोजणी जितकी उशिरा, तितके ते पक्के.

आत शिरण्याआधी हे धोके ओळखा. कोठीत जुन्या सुया, फुटक्या कुप्या आणि औषधांच्या बाटल्या असतात. त्या झाडूने ढीग करून आवारात जाळायच्या नाहीत, जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे अधिकृत संस्थेकडेच द्यायच्या. पाऱ्याचे रक्तदाबमापक सापडते. त्यात ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. फुटलेले असेल तर खिडक्या उघडा, बाहेर या, थेंब कागदाने किंवा चिकटपट्टीने गोळा करून झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवा. झाडू मारला की तो फटीफटीत पसरतो. क्ष-किरण यंत्र बंद असताना किरण सोडत नाही, पण ते भंगारात विकण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी रीतसर रद्द करावी लागते. सत्तर-ऐंशीच्या दशकात टाकलेले अॅस्बेस्टॉसचे पत्रे ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खेच उतरवा, आपटून फोडू नका. वटवाघळांची विष्ठा आधी पाण्याने भिजवा, मास्क लावा, मगच उचला. त्यांच्या येण्याजाण्याच्या फटी उन्हाळ्यात, पिल्ले असताना, बुजवू नका. वळचणीला आग्या मोहोळ असेल तर मधपाळ बोलवा, धूर करून छपराला आग लावू नका. आणि वीज मीटरपाशीच तोडा. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग कोरड्या सागवानाशेजारी जिवंत ठेवणे म्हणजे काडी ओढून ठेवणे.

त्याच कोठीत रजिस्टरे असतात. जन्माच्या जुन्या नोंदीसाठी लोक कोतवाल पंजी (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) शोधत तहसीलच्या चकरा मारतात, आणि बाळंतपणाची रजिस्टरे दवाखान्याच्या कोठीत उधई खात असते. ती रद्दीत देऊ नका. ऊन नसलेल्या वाऱ्यात सुकवा, गठ्ठ्यांवर सालवार चिठ्ठी लावा, यादी करा आणि नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करा. रुग्णांची नावे आणि आजार त्यांत असतात, म्हणून त्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरता कामा नयेत.

उधईचे औषध जोत्यालगत ३० सेंटीमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोके पाडून दिले जाते. आवारात विहीर असेल, आणि जुन्या दवाखान्यात ती असतेच, तर त्या बाजूला रसायन ओतू नका. तिथे मातीचे बोगदे दर पंधरवड्याला खरवडणे आणि लाकूड मातीपासून सुटे ठेवणे हाच उपाय.

इमारतीचा पुढे उपयोग काय? आदिवासी भागात लांबच्या पाड्यावरच्या गरोदर बायांसाठी माहेरघर चालते, त्याला व्हरांड्याचा वॉर्ड आणि मागची स्वयंपाकाची खोली अगदी बेताची आहे. सिकलसेलची तपासणी आणि समुपदेशन, वृद्धांची फिजिओथेरपी, क्षयरोगाचे औषधवाटप, अभ्यासिका, यांपैकी काहीही चालेल. अतिदक्षता कक्ष किंवा नवे क्ष-किरण केंद्र तिथे कोंबू नका. त्याचे वजन, वायरी आणि वातानुकूलन सोसायला ही बांधणी नाही. संडास-मोरी बाहेर वेगळी बांधा आणि नळ भिंतीच्या बाहेरून न्या. झरोके एसीसाठी विटांनी बुजवले की त्या इमारतीचे सगळ्यात मोठे बळ गेले.

आता आमच्या मागण्या. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बंद दवाखान्याची यादी येत्या महिन्यात तयार करा. प्रत्येक इमारतीचे सर्व बाजूंनी फोटो काढा. दारे-खिडक्या, कैच्या आणि ओतीव लोखंडी खांबांना पत्र्याचे नंबर ठोका, म्हणजे एक दार कमी झाले तर ते कळेल. पावसाळापूर्व देखभालीसाठी जिल्हा नियोजन समितीतून किंवा सेस (उपकर) फंडातून दर इमारतीमागे स्वतंत्र तरतूद ठेवा. त्यात पन्हळ सफाई, १० टक्के कौलबदल, फांद्या छाटणे, जोत्याची नाली आणि कुलूप एवढ्या पाचच बाबी असू द्या. पाहणी वर्षातून तीनदा, अक्षय तृतीयेला, पोळ्याला आणि दिवाळीनंतर, आणि तिचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या. निर्लेखनाचा प्रस्ताव आला तर त्याआधीच्या तीन वर्षांच्या पाहण्यांचे कागद जोडल्याशिवाय तो पुढे सरकू नये.

ज्या बांधकाम उपविभागाला चुना विझवण्याची, कैचीचा पाय बदलण्याची किंवा अंदाजपत्रकातल्या बाबी लिहिण्याची मदत हवी असेल, त्याच्यासाठी आम्ही जागेवर येऊन, मजूर आणि मिस्त्रींना सोबत घेऊन, करून दाखवायला तयार आहोत. मानधन नको.

आपले नम्र,
चुनाकाम, सुतारकाम आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत राबणारे विदर्भातील काही मिस्त्री, सुतार आणि अभियंते

ता. क. यादी तयार व्हायला वेळ लागणार असेल तर निदान एक काम याच आठवड्यात करा. प्रत्येक बंद दवाखान्याची किल्ली कोणाकडे आहे ते नाव व पदासह दारावर लिहा, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी त्या माणसाने कंदील किंवा टॉर्च घेऊन माळ्याखाली उभे राहून पाणी कुठे टपकते त्या जागी फरशीवर खडूने फुल्या माराव्यात. पाऊस थांबल्यावर गवंड्याला नेमके कुठे चढायचे ते त्या फुल्यांवरून कळते.